नऊ पाठांची संध्याकाळ

नगरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक ख्रिस्ती शिक्षिका राहायच्या. सगळी गल्ली त्यांना नुसतंच 'बाई' म्हणायची. २४ डिसेंबरला रात्री सव्वाआठच्या सुमारास बाई आपला ट्रान्झिस्टर खिडकीत आणून ठेवत, त्याची एरियल बाहेर काढत आणि खरखरीतून बीबीसी शोधत बसत. आत करंज्या-चकल्यांचे डबे भरलेले असत. नगरकडच्या ख्रिस्ती घरांतला नाताळचा फराळ आणि आमचा दिवाळीचा फराळ यांत फरक असतो तो फक्त महिन्याचा. साडेआठ वाजले की एका मुलाचा आवाज यायचा. एकटा. साथीला पेटी नाही, ऑर्गन नाही, काही नाही. बाई बोट ओठांवर ठेवून आम्हा पोरांना गप्प करायच्या. एक कडवं संपलं की बाकीचे आवाज मिसळायचे, आणि दोन कडवी गेली की जणू ती सगळी इमारतच गायला लागायची.

तिकडे केंब्रिजला तेव्हा दुपारचे तीन वाजलेले असत.

"हे कधीपासून चालतं, बाई?"

"फार जुनं आहे रे."

ते गाणं जिथून यायचं त्या केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमधल्या चॅपलचं एक चित्र बाईंकडे होतं, कुणीतरी पाठवलेल्या भेटकार्डावरचं. दगडाची जाळी विणल्यासारखं छत आणि खाली मेणबत्त्या. ती वास्तू पाचशे वर्षांची, तेव्हा कार्यक्रमही तेवढाच जुना असणार, असं मी धरून चाललो. पुढे वाचनात आलं तेव्हा हसू आलं. 'नऊ पाठ आणि कॅरल' या उत्सवाचं वय बाईंच्या थोरल्या भावाएवढं निघालं. त्याचा जन्मही त्या भव्य छताखाली झाला नव्हता, झाला होता एका लाकडी शेडमध्ये.

ती शेड होती इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉल परगण्यातल्या ट्रुरो गावात. १८७७ साली तिथे एडवर्ड व्हाइट बेन्सन हे पहिले बिशप म्हणून आले. धर्मप्रांत नवा कोरा होता आणि बिशपला स्वतःचं कॅथीड्रलही नव्हतं. ते बांधायचं ठरलं, १८८० मध्ये पायाभरणी झाली, जागा करण्यासाठी गावातलं जुनं चर्च बरंचसं पाडलं गेलं, आणि उपासनेसाठी तात्पुरता लाकडी मांडव उभा राहिला. मांडवच म्हणायला हवं, कारण बांधकामाच्या कडेला लोक जसा उभा करतात तसाच तो होता.

कॉर्नवॉल हा गाणाऱ्यांचा मुलूख. खाणींत राबणारे, मासेमारी करणारे लोक नाताळात घरोघर, रस्त्यांवर, चौकांत कॅरल गात. इंग्रजी कॅरलांचा एक महत्त्वाचा जुना संग्रह १८२२ साली छापला गेला तो याच मुलखातल्या डेव्हिस गिल्बर्ट यांनी. पण ही गाणी चर्चच्या आतली नव्हेत. आतली स्तोत्रं वेगळी आणि बाहेरची गाणी वेगळी. आपल्याकडे देवळाच्या गाभाऱ्यातले मंत्र आणि ओसरीवरच्या ओव्या यांच्यात असायचं तेवढं अंतर त्यांच्यातही होतं. शिवाय कॉर्नवॉलची बरीचशी जनता मेथडिस्ट झालेली होती, तिला बिशपच्या चर्चशी फारसं कर्तव्य नव्हतं.

तेव्हा बेन्सन यांनी २४ डिसेंबर १८८० रोजी रात्री दहा वाजता त्या शेडमध्ये लोकांना बोलावलं. त्या रात्री माणसं दारूच्या गुत्त्यात जाऊन बसू नयेत म्हणून हा खटाटोप केला, असं सांगतात. गोष्ट इतकी सोयीस्कर आहे की ती मला थोडी संशयास्पद वाटते, पण सांगणारे थांबत नाहीत. मूळ कल्पना बेन्सन यांचे सहकारी धर्मगुरू जॉर्ज वॉलपोल यांची, असंही म्हणतात. (हे वॉलपोल म्हणजे पुढे नावारूपाला आलेले कादंबरीकार ह्यू वॉलपोल यांचे वडील. बेन्सन यांची मुलंही लेखकच झाली. ट्रुरोच्या त्या शेडभोवती इतके लेखक होते, की तिची हकीकत आपल्यापर्यंत पोचली यात नवल नाही.)

आखणी अशी होती : बायबलमधले नऊ छोटे पाठ, आणि त्यांच्या मध्ये कॅरल. पाठ वाचायचे ते चर्चमधल्या माणसांनी, पण वाचायचा क्रम उलटा. पहिला पाठ वृंदातल्या गाणाऱ्या मुलाचा, मग एकेक पायरी चढत शेवटचा पाठ बिशपचा.

कीर्तन ऐकत वाढलेल्या माणसाला ही आखणी परकी वाटत नाही. वाचन आणि पद, वाचन आणि पद. आख्यान पुढे सरकतं वाचनातून, आणि जिथे ते मनात मुरायला हवं तिथे गाणं येतं. आणखी एक साम्य आहे. नाताळचा कार्यक्रम म्हटल्यावर आपल्याला वाटेल की बेथलेहेमच्या गोठ्यापासून सुरुवात होईल. तसं होत नाही. पहिला पाठ आहे एदेन बागेतला : आदामाने फळ खाल्लं, तो झाडांआड लपला आणि देव त्याला हाक मारत फिरतो आहे. तिथून अब्राहाम, तिथून यशया संदेष्टा, अंधारात चालणाऱ्या लोकांना दिसलेला उजेड. म्हणजे चांगला लांबरुंद पूर्वरंग. मरिया आणि देवदूत यायला पाचवा पाठ उजाडतो. मग गोठा, मेंढपाळ, पूर्वेकडचे ज्ञानी. नवव्या पाठात तर गोष्टच उरत नाही. योहानाच्या शुभवर्तमानाची सुरुवात, 'शब्द देही झाला' हे तत्त्व तेवढं राहतं. कथेतून तत्त्वाकडे जाणारी ही चढण बुवांच्या कीर्तनाच्या नेमकी उलट आहे, तिथे तत्त्व आधी आणि आख्यान मागून. पण बैठक तीच.

बेन्सन १८८३ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप झाले आणि ट्रुरोहून गेले. त्यांची उपासना इकडेतिकडे काही चर्चांनी उचलली. एवढ्यावरच राहिली असती तर ती कॉर्नवॉलची एक गोड चाल म्हणून संपली असती.

आता केंब्रिज.

किंग्ज कॉलेज सहाव्या हेन्री राजाने १४४१ साली स्थापन केलं. १४४६ मध्ये चॅपलचा पहिला दगड बसला. मग यादवी युद्धं झाली, राजा गेला, काम अडलं, पुन्हा सुरू झालं. जॉन वेस्टेल या गवंड्यांच्या मुकादमाने ते पंख्यासारखं पसरत जाणारं दगडी छत १५१५ पर्यंत तीन वर्षांत चढवलं, तेव्हा गादीवर आठवा हेन्री होता. सहाव्या हेन्रीने चॅपलसाठी गाणारी सोळा मुलं नेमून दिली होती. आजही सोळाच आहेत. सतराव्या शतकात प्युरिटन मंडळींचं राज्य आलं, तेव्हा क्रॉमवेलच्या शिपायांनी या चॅपलमध्ये कवायती केल्या. ते नाताळ मानणारे लोक नव्हते. इंग्लंडात नाताळ बंद, आणि त्यांच्या समुद्रापारच्या भावंडांनी मॅसॅच्युसेट्समध्ये तर १६५९ ते १६८१ या काळात नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला होता. गंमत अशी, की १८३१ साली नगरला ठाणं मांडणारं अमेरिकन मराठी मिशन त्याच न्यू इंग्लंडच्या प्युरिटन परंपरेतून आलेलं. बाईंच्या करंज्यांना त्या पूर्वजांनी काय दंड केला असता कोण जाणे.

तर, १९१८. महायुद्ध ११ नोव्हेंबरला थांबलं. चॅपलचे नवे डीन म्हणून एरिक मिल्नर-व्हाइट हे चौतीस वर्षांचे धर्मगुरू आले होते. युद्धाआधीही ते याच कॉलेजात होते. मधली वर्षं त्यांनी लष्करी धर्मगुरू म्हणून आघाडीवर काढली, शौर्याबद्दल पदक मिळवलं. खंदकांत मरणाऱ्या पोरांच्या उशाशी बसलेल्या या माणसाची खात्री झाली होती, की चर्चच्या नेहमीच्या पुस्तकी उपासना या लोकांपर्यंत पोचत नाहीत. काहीतरी अधिक रंगाचं, अधिक ऊबेचं हवं. त्यांना बेन्सन यांची नऊ पाठांची आखणी आठवली.

कॉलेजातले कितीतरी विद्यार्थी परत आले नव्हते. कवी रूपर्ट ब्रूक इथलाच फेलो, १९१५ मध्ये गेला. चॅपलच्या एका बाजूच्या खोलीत मेलेल्यांची नावं कोरलेली आहेत, आणि त्या यादीपासून वेगळं, दुसऱ्या भिंतीवर एक नाव आहे : फेरेन्स बेकाशी. हा हंगेरियन मुलगाही याच कॉलेजचा. पण तो लढला दुसऱ्या बाजूने, आणि मेला. त्याचं नाव यादीत घालणं कुणाला शक्य नव्हतं, आणि गाळणंही कॉलेजला जमलं नाही.

अशा कॉलेजात, युद्ध थांबून सहाच आठवडे झालेले असताना, २४ डिसेंबर १९१८ रोजी पहिला उत्सव झाला. तो जगासाठी नव्हता. कॉलेजने केंब्रिज शहराला दिलेली ती नाताळची भेट होती. विद्यापीठं आणि त्यांची गावं यांचं फारसं पटत नाही, केंब्रिजलाही शतकानुशतकं पटलेलं नव्हतं. मिल्नर-व्हाइट यांनी ट्रुरोचा वाचकांचा क्रम घेतला आणि त्यात हे नातं बसवलं. सुरुवात गाणाऱ्या मुलाने, शेवट कॉलेजच्या प्रमुखाने म्हणजे प्रोव्होस्टने, आणि मधल्या पायऱ्यांवर शहराचा प्रतिनिधी, त्याच राजाने स्थापलेल्या ईटन शाळेचा प्रतिनिधी. आमच्याकडच्या कार्यक्रमपत्रिकेत आधी अध्यक्ष, मग प्रमुख पाहुणे, मग विशेष उपस्थिती अशी उतरंड असते. इथे सोहळ्याचं पहिलं वाचन नऊ-दहा वर्षांचा पोर करतो आणि प्रोव्होस्टसाहेब आठ जणांचं ऐकून घेतल्यावर उठतात.

त्या दिवसासाठी मिल्नर-व्हाइट यांनी एक प्रार्थना लिहिली, ती अजूनही म्हटली जाते. नाताळच्या आनंदात आधी गरिबांची, गारठलेल्यांची, भुकेल्यांची, आजाऱ्यांची, एकट्यांची, म्हाताऱ्यांची आणि लहान मुलांची आठवण काढा, असं ती सांगते. आणि मग, जे पैलतीरी अधिक उजेडात गेले, ज्यांची गणती करता येणार नाही, त्यांची. १९१८ च्या डिसेंबरात त्या बाकांवर बसलेल्या आयांना हे कुणाविषयी आहे ते समजावून सांगावं लागलं नसेल.

दुसऱ्या वर्षी, १९१९ मध्ये, मिल्नर-व्हाइट यांनी पाठांची थोडी फेरमांडणी केली आणि सुरुवातीचं गीत बदलून 'वन्स इन रॉयल डेव्हिड्स सिटी' हे घेतलं. हे गीत सेसिल फ्रान्सिस अलेक्झांडर या आयरिश बाईंनी लहान मुलांसाठी लिहिलेलं, १८४८ च्या पुस्तकातलं. येशू कुठे जन्मला, हे मुलांना सोप्या शब्दांत समजावं म्हणून लिहिलेलं. शेकडो वर्षांची लॅटिन स्तोत्रं हाताशी असताना त्या छताखाली आरंभाचा मान मिळाला तो एका बालगीताला. माझ्या मते मिल्नर-व्हाइट यांचं सगळ्यात मोठं काम हेच. ती निवड नसती तर बाकी सारं नीटनेटकं, सुरेल, पण कुणाचंही असू शकलं असतं.

त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांत सुरुवात बदललेली नाही. पहिलं कडवं एकच मुलगा गातो. तो कोण, हे त्याला आधी सांगत नाहीत. दोन-चार मुलं तयारीत असतात. वृंद चॅपलच्या पश्चिम टोकाला उभा असतो, बीबीसीचा लाल दिवा लागतो, संगीत दिग्दर्शक एकाकडे बोट करतो, आणि तो मुलगा गातो. रात्रभर धसका घेऊन बसायला पोराला वेळच मिळू नये, हा त्यातला हिशेब. शहाणपणाचा आहे.

हा लाल दिवा आला १९२८ मध्ये. संगीताची धुरा तेव्हाही आर्थर हेन्री मान यांच्याकडे होती. १८७६ पासून ते तिथे होते, म्हणजे ट्रुरोची शेड उभी राहण्याच्याही आधीपासून. बीबीसीने त्या वर्षी पहिल्यांदा उत्सव प्रक्षेपित केला, १९३० चा अपवाद सोडला तर पुढे दरवर्षी. पुढच्या दशकात तो समुद्रापारही ऐकू येऊ लागला. ज्या उत्सवाचा पैस एका शहरापुरता होता तो स्वयंपाकघरांत शिरला. इंग्लंडात २४ तारखेची दुपार ही गडबडीची वेळ : भाज्या सोलायच्या, भेटवस्तू कागदात बांधायच्या, गाडीने कुणी यायचं असतं. रेडिओवर मुलाचा आवाज आला की नाताळ लागला, असं कितीतरी घरांत ठरून गेलं. घड्याळ पाहायची गरज राहिली नाही.

मराठी माणसाला हे सांगावं लागत नाही. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं. सीताकांत लाड यांची कल्पना, गदिमांची गीतं, सुधीर फडक्यांचं संगीत. वर्षभर, छप्पन्न गीतं. घराघरांत लोक रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून बसत. तिथेही निवेदन आणि गाणं, तिथेही कथा सगळ्यांना आधीपासून पाठ. माहीत असलेली गोष्ट पुन्हा ऐकायला सगळं घर एका खोलीत येतं, ही रेडिओची करामत दोन्हीकडे सारखीच. फरक एवढाच, की गीतरामायण लिहिताना ते लोकांसाठी लिहिलं गेलं. किंग्जच्या उत्सवाला श्रोते मिळाले तेव्हा त्याचा आकार आधीच ठरून गेलेला होता. मायक्रोफोन आला म्हणून त्याने पोशाख बदलला नाही.

दुसऱ्या महायुद्धात चॅपलच्या जुन्या रंगीत काचा काढून सुरक्षित जागी ठेवल्या होत्या, आणि ऊब देण्याची व्यवस्थाही बंद. त्या थंडगार दगडी पोकळीत उत्सव चालू राहिला आणि प्रक्षेपणही. मात्र कुठून होतं आहे हे सांगायचं नाही, असा हुकूम होता. शत्रूला ठावठिकाणा कळू नये म्हणून 'किंग्ज' हा शब्द उच्चारायला बंदी. एखाद्या कॉलेजचं चॅपल, एवढंच. नाव घेतलं नाही म्हणून ते आवाज ओळखू आले नसतील, असं मात्र कुणी समजू नये. मान यांच्यानंतरचे संगीत दिग्दर्शक बोरिस ऑर्ड हवाई दलात गेले होते, त्यांच्या जागी हेरॉल्ड डार्क यांनी वृंद सांभाळला. 'इन द ब्लीक मिडविंटर' या क्रिस्टिना रोझेटी यांच्या कवितेची डार्क यांनी तरुणपणी बांधलेली चाल आज जगभर गातात.

ऑर्ड परत आले आणि १९५७ पर्यंत राहिले. आदामाच्या फळावरचं एक मध्ययुगीन कवन त्यांनी स्वरबद्ध केलं, दीड-एक मिनिटाचं. त्यांची प्रसिद्ध झालेली रचना तेवढी एकच, पण पहिल्या पाठानंतर ती इतक्या वेळा गायली गेली आहे, की दहा सिंफन्या लिहिणाऱ्यालाही हेवा वाटावा. त्यांच्यानंतर डेव्हिड विलकॉक्स. कॉलेजचेच जुने विद्यार्थी, नॉर्मंडीच्या लढाईत पदक मिळवलेले. त्यांच्या काळात, १९५७ ते १९७४, तबकड्यांनी आणि दूरचित्रवाणीने (पहिलं दूरचित्रण १९५४ चं) किंग्जचा तो स्वच्छ, काचेसारखा नाद जगाच्या कानांत बसवला. १९६१ मध्ये त्यांनी रेजिनाल्ड जेक्स यांच्यासोबत 'कॅरल्स फॉर कॉयर्स' हे पुस्तक काढलं. मुंबई-पुण्याच्या चर्चमधल्या इंग्रजी कॅरल संध्याकाळीही शेवटच्या कडव्यावर वरचे आवाज जी उंच झेप घेतात, ती पुष्कळदा विलकॉक्स यांची असते.

याच काळात त्या कॉलेजात एक कोल्हापूरचे गृहस्थ होते. जयंत नारळीकर १९६३ ते १९७२ किंग्जचे फेलो होते. आणि एक गृहस्थ कोल्हापूरचे नव्हेत पण देवासचे जुने ओळखीचे होते : ई. एम. फॉर्स्टर, १९४६ पासून कॉलेजातच राहायचे, १९७० मध्ये वारले. देवासच्या पवार महाराजांचे खाजगी चिटणीस म्हणून त्यांनी १९२१ मध्ये तिथली गोकुळाष्टमी पाहिली आणि ती 'अ पॅसेज टू इंडिया'च्या शेवटच्या भागात आणली. मध्यरात्रीचा जन्म, गुलाल, गर्दी, भजन, आणि त्या भजनात चक्क तुकोबांचं नाव. फॉर्स्टर श्रद्धाळू नव्हते. पण बाळ-देवाच्या जन्माचा सोहळा इंग्रजीत इतक्या जवळून लिहिणारा माणूस आयुष्याची शेवटची चोवीस वर्षं या चॅपलच्या सावलीत राहिला, हा योग मला फार आवडतो.

विलकॉक्स यांच्यानंतर फिलिप लेजर, आणि १९८२ पासून स्टीफन क्लीओबरी. क्लीओबरी सदतीस वर्षं टिकले. त्यांच्या नावावरची मोठी नोंद म्हणजे १९८३ पासून दरवर्षी एका संगीतकाराकडून नवं कॅरल करून घेण्याचा पायंडा. त्यातून जॉन रटर यांचं १९८७ चं गोड गाणं आलं, एस्टोनियाच्या आर्व्हो पेर्त यांचं १९९० मधलं स्लाव्हॉनिक भाषेतलं मिनिटभराचं लखलखतं गाणं आलं, आणि श्रोत्यांनी कपाळावर आठ्या घालाव्यात अशीही बरीच आली. 'नाताळच्या दिवशी हे काय ऐकवता?' अशी तक्रार करणारा एक वर्ग तेव्हापासून पक्का झाला. मी स्वतः काही गाण्यांच्या वेळी चहा टाकायला उठलो आहे. तरीही पायंडा योग्यच. पेर्त यांचं ते गाणं १९९० साली नवं आणि अनोळखी होतं, आता जगभरचे वृंद ते गातात. कुठलं टिकेल हे त्या दुपारी कुणालाच कळत नाही.

एका बाबतीत मात्र संस्था जागची हललेली नाही. ती सोळा मुलं म्हणजे मुलगेच. सॉल्झबरी कॅथीड्रलने १९९१ मध्ये मुलींचा वृंद सुरू केला, उत्सवाचं मूळ गाव ट्रुरो तिथेही २०१५ मध्ये मुली आल्या, आणि केंब्रिजमध्येच, पाच-सात मिनिटांच्या अंतरावर, रँग्लर परांजप्यांच्या सेंट जॉन्स कॉलेजने २०२२ मध्ये आपला वृंद मुलींना खुला केला. किंग्जचं म्हणणं परंपरेचं आहे. पण या उत्सवातली परंपरा म्हणजे १८८० ची शेड, १९१८ चा डीन आणि १९१९ ची दुरुस्ती. ती घडवणाऱ्यांपैकी कुणीही परंपरा म्हणून गप्प बसलेलं नव्हतं.

१९१८ च्या बरोबर शंभर वर्षांनी, २०१८ मध्ये, शताब्दीचा उत्सव क्लीओबरी यांनी बसवला. पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले आणि नोव्हेंबरात वारले. त्या डिसेंबरात सूत्रं डॅनियल हाइड यांच्याकडे होती. लगेच २०२०. टाळेबंदीच्या त्या वर्षी चॅपलमध्ये श्रोते नव्हते. एरवी बाहेरच्या हिरवळीशी पहाटेपासून रांग लागायची, काहीजण तर रात्रभर बोचऱ्या वाऱ्यात पांघरुणं घेऊन बसायचे, थर्मासमधला चहा अनोळखी शेजाऱ्याला द्यायचे. ते अंगण त्या वर्षी रिकामं. शहराला दिलेली भेट घ्यायला शहर आलं नाही, रेडिओने मात्र ती पोचवली. अलीकडे तिकिटांसाठी सोडत काढतात. न्याय्य आहे आणि म्हाताऱ्यांच्या सोयीचंही. पण त्या रांगेत ज्यांनी एकमेकांबरोबर रात्र काढली, त्यांना सोडतीचं कौतुक वाटत नसावं.

चॅपलमधली ती दुपार कशी सरते, हे रेडिओवर कळत नाही. डिसेंबरात केंब्रिजला चारच्या आतच सूर्य मावळतो. उत्सव सुरू होतो तेव्हा खिडक्यांच्या निळ्या-तांबड्या काचांतून अजून थोडा उजेड येत असतो. आदाम, अब्राहाम, यशया असे पाठ पुढे जातात तशा त्या काचा विझत जातात. मेंढपाळांच्या पाठापर्यंत त्या काळ्या झालेल्या असतात, आणि मग चॅपलमध्ये उजेड असतो तो फक्त आतल्या मेणबत्त्यांचा. मिल्नर-व्हाइट यांनी तीनची वेळ निवडली ती हे हेरून की केवळ सोयीने, काहीही असो, त्याहून चांगली वेळ सापडली नसती.

नगरला आमच्याकडे तोवर रात्रीचे दहा झालेले असत. बाई रेडिओ बंद करत, आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडून ढोलकी आणि झांजांचा आवाज यायला लागायचा. चर्चची कॅरल पार्टी. हातात कंदील, डोक्याला मफलर, आणि गळ्यात मराठी गाणी, काही इंग्रजी चालींवर बेतलेली, काही चक्क अभंगाच्या चालीवर. नारायण वामन टिळकांनी या समाजाला मराठी वळणाची गाणी देऊन ठेवली होती, त्यामुळे केंब्रिजचा नाद आणि आमची ढोलकी एका रात्रीत बाईंच्या कानांत सुखाने नांदायची. दारात गाणं झालं की त्या मंडळींना फराळ, आणि आम्ही न गाता उभे राहिलो तरी आम्हालाही.

केंब्रिजच्या त्या सोळा मुलांना मात्र या वेळी घर नसायचं. त्यांची शाळा कधीच सुटलेली असते, बाकीची मुलं सुट्टीला घरी गेलेली असतात, आणि ही मुलं वसतिगृहात मागे राहून तालीम करत असतात. लाखो घरांतला नाताळ ज्यांच्या आवाजाने लागतो त्यांचा स्वतःचा नाताळ दुसऱ्या दिवशी, २५ तारखेला सकाळची उपासना आटोपली की सुरू होतो. तांबडे झगे खुंटीला लागतात, आईवडील बाहेर गाडीशी थांबलेले असतात, आणि पोरं पळत सुटतात.